पोपटीतली चार अंडी

विमलबाईंची रोह्याची एसटी आली नि गेली. पण पेण स्टँडवरच्या बाकावरून त्या हलल्या नाहीत. शेजारी सरू नि कमळी खिदळत होत्या.

"कमळे, शेतावर पोपटी भाजली नि मडकं ओतलं, तर वालाच्या शेंगांबरोबर चार अंडी निघाली गो!"

"तू घातलीस?"

"मी नाय. गोठ्यातलं मडकं उचललं, आत न बघताच भांबुर्डीचा पाला कोंबला, शेंगा भरल्या, उपडं करून जाळ लावला."

"म्हंजे कोंबडी त्यातच घालत होती?"

"व्हय! आणि सासू आठवडाभर शेजारच्या गंगीला अंडीचोर म्हणतेय."

"अगो बाय! मग?"

"दोन सासूनंच खाल्ली."

"गंगीला नाय बोलावलं?"

"बोलावलं की. उरलेली दोन तिनं खाल्ली. सोलता सोलता म्हणते, ‘चोर गावला की आधी माझ्यापुढं आणा!’"