नऊ बोटं

लिंदाल्वा : आईच्या उजव्या हाताची पाच, डाव्या हाताची चार. मोजून घ्या, साहेब. नऊ.

वाल्देसिर : आणि दहावं?

लिंदाल्वा : कुऱ्हाडीनं नेलं. आईनं जन्मभर बाबासू माडाची टणक फळं फोडली. कुऱ्हाड मांडीखाली दाबायची, पातं वर. पात्यावर फळ धरायचं नि दांडक्यानं हाणायचं. उरलेल्या बोटांवर रेघ म्हणून राहिली नाही.

वाल्देसिर : म्हणून पेन्शन कचेरीच्या यंत्रात ठसा उमटला नाही, आणि ठसा नाही म्हणून नाव मृतांत गेलं. पेन्शनचा खर्च दरवर्षी फुगतोय, ताई. नव्वदीपुढचे सगळे तपासा, असा साओ लुईसच्या मुख्य कचेरीतून हुकूम आहे.

फिलोमेना : म्हणजे मी जगले ते महागात पडलं.

वाल्देसिर : तसं नाही, आजी...

फिलोमेना : तसंच आहे. वाईट नको वाटून घेऊस, पोरा. माझ्या नवऱ्यालाही मी महागच वाटायची.

लिंदाल्वा : ऐकलंत? तुमच्या कचेरीतल्या बाईनं पडद्यावरून वाचलं, 'फिलोमेना, मृत'. तेव्हापासून हिनं झोपायची झोळी फिरवून बांधलीय. पाय दाराकडे, प्रेत बाहेर काढताना असतात तसे. आणि वाढलेलं ताट सरकवते. म्हणते, मेलेल्यांना वाढू नये, सवय लागते त्यांना.

फिलोमेना : सरकार तुझ्यापेक्षा शिकलेलं आहे. शिवाय तुझा बाप रोज दुपारी येतो, त्याला काय सांगू?

लिंदाल्वा : बाबा कधीच गेले, साहेब. मी शाळेत होते तेव्हा.

वाल्देसिर : आजी, चेहऱ्यावरूनही ओळख पटते. इकडे बघा. आता डोळे मिचकवा.

फिलोमेना : मेलेली माणसं मिचकवतात होय रे?

लिंदाल्वा : आई! पुरे झाली नाटकं!

फिलोमेना : नाटक नाही गं. काल तो दारातून म्हणाला, 'अजून निघाली नाहीस?' मी निघालेय की नाही? खरंच माहीत नाही मला.

(वाल्देसिर यंत्र मिटून पिशवीत ठेवतो.)

वाल्देसिर : हात द्या, आजी. 'इतर पुरावा' असा एक रकाना असतो. तो मी हातानं भरतो.

लिंदाल्वा : वरचे मानतील?

वाल्देसिर : सही माझी असेल. नाही मानलं तर मला बोलावतील.

फिलोमेना : मनगटात काय शोधतोयस?

वाल्देसिर : जरा गप्प बसा. मोजतोय.

फिलोमेना : ...लागतंय का काही?

वाल्देसिर : लागतंय.

फिलोमेना : मग मोठ्यानं सांग. दारात उभा आहे तो. त्यालाही ऐकू जाऊ दे.

वाल्देसिर : मिनिटाला चौपन्न.