साडेपाचशे डॉलरच्या घराचा पत्ता

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कामगार संघटनेचे प्रमुख माननीय अब्दी वार्सामे, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती एउस्तोलिया बारागान, म्हणजे आपल्या सर्वांच्या दोन्या तोला, तोलाबाई, आणि पहिली पाळी संपवून हात धुऊन थेट इथं आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी लॉइड वोबोरिल. आपल्या मांस-कारखान्याच्या कार्यालयातला माणूस. कामगारांच्या निरोप समारंभात कार्यालयातल्या माणसाला बोलायला का लावलं, असं काहींच्या मनात आलं असेल. मलाही हाच प्रश्न पडला होता. दोन्या तोला म्हणाल्या, "तूच बोल. तुझी फजिती तुझ्याच तोंडून ऐकायला बरी वाटते." सत्कारमूर्तींची इच्छा कोण मोडणार?

अकरा वर्षांपूर्वीचा जानेवारी. पगारवाढीची बोलणी जवळ आली होती. तेवढ्यात मुख्य कार्यालयातून एक पुस्तिका आली, 'पगारात घर कसं चालवावं'. त्यात महिन्याचं भाडं धरलं होतं साडेपाचशे डॉलर. घर गरम ठेवण्याचा खर्च, शून्य. नेब्रास्कात, मंडळी! जानेवारीत! आणि ही पुस्तिका तुम्हाला शिकवायला नेमलं कुणाला? मला.

उपाहारगृहात वर्ग भरला. सत्तावीस वर्षं सुरी चालवून आज निवृत्त होणाऱ्या या बाई तेव्हा पहिल्या रांगेत चष्मा लावून, वही उघडून बसल्या होत्या. मला वाटलं, वा, काय गुणी विद्यार्थिनी! त्यांनी हात वर केला.

"साहेब, हे साडेपाचशेचं घर कुठल्या रस्त्यावर आहे?"

"दोन्या, ते उदाहरण आहे."

"असू दे. उदाहरणाला दार आहे ना? मला महिनाअखेर घर सोडायचंय."

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. घरमालकानं त्यांचं भाडं सातशेवरून साडेनऊशे केलं होतं, आणि घरात मुलगी नि दोन नातवंडं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त माझा अपमान कळला. मी ताठ्यात म्हणालो, "शनिवारी चला, मी दाखवतो."

शनिवारी त्यांच्या खटारा गाडीत आम्ही सातजण: त्या, मी आणि वर्गातल्या पाच बायका. पहिलं घर नऊशे पंचवीस. दुसरं सहाशे, पण तळघर. मी सहा फूट दोन इंच. आत शिरताच तुळईनं माझं स्वागत केलं. मालक म्हणाला, "वाकून राहायची सवय होते हळूहळू." मागून कुणीतरी पुटपुटलं, "आम्हाला आहेच."

मग मला वर्तमानपत्रात जाहिरात सापडली: चारशे डॉलर, पाणी आणि उष्णता समाविष्ट! मी विजयी वीरासारखा गाडी तिकडे वळवायला लावली. गावाबाहेर एक लांबट इमारत. मालकीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "घोडा कुठाय?"

तो तबेला होता, मंडळी. घाईत मी जाहिरातीचा मथळाच वाचला नव्हता.

दोन्या तोला शांतपणे म्हणाल्या, "घोडा नाही. आम्ही चारजण आहोत. लाथा मारत नाही."

बाई ओशाळून म्हणाल्या, "नाही हो, तशी परवानगी नाही. यात चारासुद्धा धरलाय."

"ऐकलंत साहेब? घोड्याच्या हिशेबात जेवणही आहे अन् शेगडीही. तुमची पुस्तिका घोड्यांना वाटा."

परतताना मला टेंगूळ आलं म्हणून त्यांनी मला घरी सोडलं. आईनं सगळ्यांना आत बोलावलं, कॉफी दिली, जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे आमच्या चेक घरातले गोड पाव, दिले. आणि दोन्या तोलांनी अगदी सहज विचारलं, "सेन्योरा, लॉइडसाहेब तुम्हाला भाडं किती देतात?"

"भाडं?" आई म्हणाली. "एकतीस वर्षांचा झालाय, पायमोजेसुद्धा माझ्याकडेच टाकतो धुवायला!"

तुमच्यापैकी सहाजणी साक्षीला होत्या. त्या आजही मोज्यांचा विषय काढतात.

मग आईनं चष्मा शोधला, पुस्तिका पुढं ओढली आणि बायकांना विचारून विचारून प्रत्येक रकाना खरा भरला. बेरीज केली. महिन्याला तीनशे दहा डॉलर कमी पडत होते. ती मला म्हणाली, "लॉइड, हे तू शिकवत होतास?"

बोलण्यांच्या दिवशी संघटनेनं तीच पुस्तिका टेबलावर ठेवली. व्यवस्थापकांनी विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" मला गप्प राहता आलं असतं. माझ्या बढतीचा कागद सहीला गेला होता. पण समोर दोन्या तोला बसल्या होत्या.

मी म्हणालो, "माझ्या आईचं. आणि आकडे बरोबर आहेत, मी स्वतः फिरलोय."

मागितले होते तासाला दोन डॉलर, मिळाला एक डॉलर दहा सेंट. पुस्तिका रद्द झाली. माझी बढतीही अडकली, सहा वर्षं.

आणि साडेपाचशेचं घर? तेही सापडलं. आईनं वरचा मजला दोन्या तोलांना साडेपाचशेला दिला. त्यात माझी खोली होती. मी नऊशेचं घर भाड्यानं घेतलं आणि पहिल्या हिवाळ्यात कोट घालून झोपलो. पुस्तिका तेव्हा मला खरी समजली.

आईच्या शेवटच्या आजारात मी कामावर असे आणि वरच्या मजल्यावरून सूप खाली येई. त्याबद्दल इथं जास्त बोललो, तर मला पुढचं बोलता येणार नाही.

दोन्या तोला आता बहिणीकडे, मेक्सिकोत हालिस्कोला निघाल्या आहेत. एक विनंती करतो. थोड्या वेळानं तुम्ही सगळे हस्तांदोलनाला रांग लावाल. त्यांचा उजवा हात हळूच धरा, दाबू नका. बोटं आता पूर्ण उघडत नाहीत. दुखलं तरी त्या सांगणार नाहीत, हसतील.

संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर कार्यालयातला माणूस म्हणून नव्हे, घरचा म्हणून पदरात घ्या.