पुलापर्यंतच्या चाव्या कोणी मारल्या

मी, रेल्वे वसाहतीत 'चावीवालीबाई' म्हणून ओळखली जाणारी, वय एक्कावन्न, धंदा घरकाम व शिवणकाम, राहणार रेल्वे वसाहत, पाण्याच्या टाकीमागची ओळ, शेवटची खोली, आज रोजी पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी नवऱ्यासोबत राहते. मुलगी लग्न होऊन परगावी असते. माझे पती रेल्वेत चावीवाले आहेत. हवालदारसाहेबांनी आधी 'सदर इसम' असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. इसम रस्त्यावर सापडतो. हे माझे लग्नाचे आहेत.

चावीवाला म्हणजे कुलूपकिल्लीवाला नव्हे. रूळ जागेवर धरून ठेवायला लोखंडी पाचर असते, तिला चावी म्हणतात. गाड्यांच्या हादऱ्यानं ती सैल होते. लांब दांड्याची हातोडी खांद्यावर टाकून रोज सकाळी फाटकापासून लाइनीनं चालत जायचं आणि सैल झालेली एकेक चावी ठोकून घट्ट बसवायची, हे ह्यांचं काम. त्या ठोकण्याला आमच्यात 'चावी मारणे' म्हणतात. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण सगळा घोळ ह्या एका शब्दानं घातला आहे.

सध्या रेल्वेत संप चालू आहे. मागणी आठवड्याच्या सुट्टीची आहे. चावीवाल्याला सुट्टी नसते, कारण त्याच्या जागी चालायला दुसरा माणूस देत नाहीत. मुलीच्या लग्नाला हे लाइनवरून परस्पर आले होते, हाताचं ग्रीस तसंच. युनियनच्या सभेत ही मागणी पहिल्यांदा ह्यांनीच उभं राहून मांडली. युनियनच्या सेक्रेटरीसाहेबांनी ती उचलून धरली. सेक्रेटरीसाहेबांना सगळे भोंगा म्हणतात, कारण त्यांना माइक लागत नाही. पूर्वी तेही लाइनवरच होते, ह्यांच्याच टोळीत, एका डब्यात जेवणारे. पुढे संप झाला, गाड्या बंद झाल्या, आणि आमच्या ह्यांना जन्मात पहिल्यांदा सुट्टी मिळाली.

ती सुट्टी भोगली मी. पहिल्या दिवशी ह्यांनी खाटेचे चारही पाय ठोकले. दुसऱ्या दिवशी दाराच्या बिजागऱ्या. मग माझ्या शिलाई मशीनचे स्क्रू इतके आवळले की चाक फिरेना. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, "वहिनी, घर बांधताय का पाडताय?" मी ह्यांना म्हटलं, "अहो, बाहेर जा जरा. माणसासारखे पाय मोकळे करून या." ते म्हणाले, "बरं." इतक्या पटकन 'बरं' म्हणणारा माणूस हा नव्हे, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

त्यानंतर ते रोज सकाळी फिरायला जाऊ लागले. जाताना काखेत टॉवेल. आता मला सांगा, टॉवेल कधी एवढा ताठ असतो का? दाराआड बघितलं तर हातोडी जागेवर नाही. मला वाटलं, युनियनचं काही चाललंय, आणि मनात धस्स झालं. दुसऱ्या दिवशी मी मागोमाग गेले.

फाटकाच्या पुढे भरावावरून मी बघितलं. हे दहा पावलं चालत, थांबत, मागे बघत, पुढे बघत, आणि कोणी नाही असं बघून टॉवेलातून हातोडी काढून चावी मारत. परत टॉवेल. परत दहा पावलं. लोक चोरून दारू पितात, आमचे हे चोरून काम करत होते.

मी खाली उतरून म्हटलं, "अहो, हे काय चाललंय?"

ते दचकले. म्हणाले, "हळू बोल. कोणी ऐकेल."

"संप आहे ना?"

"आहे की. मी कुठे नाही म्हणतो?"

"मग? गाड्या बंद आहेत. चाव्या कोणासाठी मारताय?"

त्यावर ते म्हणाले, "गाड्या आज बंद आहेत. उन्हानं रूळ लांबतो, चाव्या सुटायच्या त्या सुटतातच. उद्या संप मिटला की पहिलीच गाडी खच्चून भरून येईल. ती काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

मी म्हटलं, "मग भोंगाभाऊंना सांगा तसं."

"काय सांगू? सुट्टी मागितली मी, आणि सुट्टीत कामावर जातोय मी? लोक मला फितूर म्हणतील." मग स्वतःच हसले. म्हणाले, "तूच बघ, सुट्टी मिळाली तर मी तिचं करणार काय?"

मलाही हसू आलं. भररस्त्यात, म्हणजे रुळावर, आम्ही दोघं म्हातारी माणसं पोट धरून हसलो. एवढे हसलेले मला ते किती वर्षांत आठवत नाहीत. त्यांनी मला कोणाजवळ न बोलण्याची शपथ घातली आणि मी ती घेतली.

फितूर म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. संपाच्या सुरुवातीला आमच्या ओळीतला एक जण कामावर गेला, तर आम्ही बायकांनी त्याच्या दारात भांडी वाजवली. सगळ्यात मोठं पातेलं माझं होतं. अजूनही त्या घराशी कोणी बोलत नाही.

म्हणून मी रोज ह्यांच्यासोबत जाऊ लागले. बाटलीत चहा घ्यायचा, वळणाच्या अलीकडे दगडावर बसायचं आणि पाळत ठेवायची. युनियनचं कोणी येताना दिसलं की मोठ्यानं खोकायचं, असं ठरलं होतं. खरं सांगते, माझे ते दिवस फार छान गेले. ह्यांच्यासोबत सकाळी एवढा वेळ बसायला मला लग्न झाल्यापासून मिळाला नव्हता. मधूनमधून ते चहाला यायचे, कुठली चावी कशी आहे, वळणावरच्या कशा सगळ्यात आधी सुटतात, ते सांगायचे. एक चावी कितीही मारा, दुसऱ्या दिवशी सैलच. तिला ते 'माझी सासू' म्हणतात. म्हणजे माझी आई. ह्यावरून आमचं थोडं भांडण झालं, ते ह्या जबाबात घेण्याची गरज नाही.

आज सकाळीही मी दगडावर बसले होते. फाटकाकडून दोन माणसं येताना दिसली. मी खोकणार, तेवढ्यात गणवेश दिसला. हात्तिच्या, म्हटलं, पोलीस आहेत, युनियनचं कोणी नाही. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी विचारलं, "बाई, पुढे कोणी आहे का?" मी म्हटलं, "आहेत ना, आमचे हे आहेत. वळणावरून पुढे जा, दिसतील." वर चहा घेता का म्हणून विचारलं. पोलिसांची कशाला भीती बाळगायची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चोरी पकडायला येतात ते पोलीस, आणि आम्ही तर काम करत होतो. ह्यांना धरून दिलं ते मी, माझ्या ह्या तोंडानं.

यार्डातून लोखंड चोरीला जातंय, हे मला आज इथे आल्यावर कळलं. त्या दोघांनी ह्यांना गाठून विचारलं, "ए, इथल्या चाव्या तू मारतोस का?" मी मागून पोचत होते, मी ऐकलं. आमच्या ह्यांना वाटलं, कोणीतरी आपुलकीनं कामाची चौकशी करतंय. म्हणाले, "मीच मारतो. रोज मारतो. फाटकापासून पुलापर्यंतच्या सगळ्या मीच मारल्यात." शिपाईदादा एकमेकांकडे बघायला लागले. एकानं विचारलं, "कधीपासून?" हे म्हणाले, "बत्तीस वर्षं झाली." आणि छाती काढून उभे राहिले. पाकीट मारतात तसं 'मारणं' त्यांच्या मनात आहे, हे बेडी दाखवेपर्यंत आम्हा दोघांना कळलं नाही.

तेव्हाच ह्यांनी खुलासा करायला हवा होता. पण गलका ऐकून फाटकापाशी बसलेली संपावरची माणसं धावत आली, भोंगाभाऊ सगळ्यात पुढे. त्यांना बघून ह्यांनी जे तोंड मिटलं ते अजून उघडलेलं नाही. माल कुठे विकला, गप्प. कोणासाठी काढला, गप्प. बाहेर सगळे "आमच्या साथीला सोडा" म्हणून घोषणा देत आहेत. आम्ही ठाण्यात पोचतो तोवर कोणीतरी हारसुद्धा आणला होता.

मी ठाण्याच्या मोठ्या साहेबांना म्हटलं, जाऊन मोजा, एक चावी जरी कमी भरली तर मला आत टाका. साहेबांनी माणूस पाठवला. सगळ्या जागेवर निघाल्या. मला वाटलं, सुटलो. पण साहेब म्हणाले, "बाई, चाव्या जागेवर आहेत हे ठीक. मग संपाच्या काळात, लपतछपत, हातोडी घेऊन हा रुळावर करत काय होता? चोरी नाही तर घातपात. ते जास्त वाईट." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मलाही पहिल्यांदा धस्स झालंच होतं.

साहेबांची परवानगी घेऊन मी कोठडीपाशी गेले. म्हटलं, "मी सांगणार आहे."

ते म्हणाले, "शपथ घातली आहे मी."

"तुरुंगात घालतील तुम्हाला."

"घालू देत. जन्मभर ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांनी तोंड फिरवलं, तर बाहेर राहून तरी काय करू?"

मी म्हटलं, "आणि तुम्ही आत गेलात तर मी काय करू?"

ते म्हणाले, "तू खंबीर आहेस."

मला असा राग आला की काय सांगू. खंबीर म्हणजे काय हो, दगड? सगळा जन्म मी पहाटे उठून डबा दिला आणि संध्याकाळी हातोडीचा आवाज ऐकून पाणी तापवलं. कंटाळले, कुरकुरले, पण माणूस घरी येतोय हे धरून चालले होते. मला हा माणूस घरात पाहिजे. ठोकू दे खाट, आवळू दे मशीन. हवालदारसाहेब, हे असंच लिहा.

जबाब सुरू करताना हवालदारसाहेब दार लावायला उठले. बाहेरच्यांनी ऐकायला नको म्हणून त्यांनी चांगुलपणानंच केलं. मी म्हटलं, राहू द्या उघडं. कोर्टात कळून उद्या कुजबुज होण्यापेक्षा माझ्या तोंडून आज कळू दे. आमच्या दारात भांडी वाजवायची तर खुशाल वाजवा, पातेलं मीच आणून देते. आणि वर लिहिलं आहे ते सगळं मी, भोंगाभाऊंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, सांगितलं. मध्येच कुठेतरी घोषणा बंद पडल्या.

हे लिहीपर्यंत भोंगाभाऊ दारात येऊन उभे राहिले, तेही जबाबात घ्यावं. मला वाटलं, आता हा गडी सगळं ठाणं डोक्यावर घेणार. मी पदर खोचून तयार होते. पण त्यांचा आवाज एवढा खाली मी कधी ऐकला नव्हता.

म्हणाले, "वहिनी, पुलापर्यंतच्या झाल्या?"

मी म्हटलं, "झाल्या."

"पुलाच्या पलीकडच्या?"

"तिकडे आज जाणारच होते. त्याआधीच ह्यांना धरलं."

त्यांनी कपाळ चोळलं. "पलीकडे मोठं वळण आहे," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले. युनियन काय ठरवील ते मला माहीत नाही. मी इथे बसले आहे तिथून खिडकीतून दिसतं, त्याप्रमाणे ते आणि आणखी तिघे फाटकाच्या दिशेनं गेले आहेत. कशाला गेले, ते मी विचारलेलं नाही आणि साहेबांनीही विचारू नये, अशी माझी विनंती आहे.

माझ्या पतीनं आतून सगळं ऐकलं आहे. ते भिंतीकडे तोंड करून बसले आहेत आणि माझ्याशी बोलत नाहीत. मी शपथ मोडली, त्यांचा राग खरा आहे. त्यांना अबोला धरायचा असेल तर त्यांनी जरूर धरावा, पण तो घरी येऊन धरावा. मी महिना, दोन महिने, लागेल तेवढा सोसायला तयार आहे. माझं इतकंच मागणं आहे.

हा मजकूर हवालदारसाहेबांनी मला दार उघडं ठेवून मोठ्यानं वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरवला आहे आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. हा जबाब मी कोणाच्या धाकानं किंवा आमिषानं दिलेला नाही. नवऱ्याचं न ऐकता दिला आहे.