लॅबमधलं जुनं पायथन

अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एकाच कॉलेजात पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकवणारे दोघे बसले होते, ढवळे सर आणि अश्लेषा मॅडम.

"सर, तुमच्या वर्गातल्या तुबाले काहून नापास केलं? वर्ष गेलं ना पोरीचं."

"प्रॅक्टिकलमध्ये तिचा प्रोग्रॅम चाललाच नाही, मॅडम. एररच एरर."

"घरी तर चालत होता म्हणे."

"तिच्या घरी पायथनचं नवीन व्हर्जन आहे. लॅबच्या कॉम्प्युटरले जुनंच लावून ठेवलं होतं."

"कोणं?"

"मीच. माह्या नोट्समधले प्रोग्रॅम जुन्यातच चालतात ना."

"मंग बाकीचे कसे पास झाले?"

"त्याइनं नोट्स पाठ केल्या. हिनं सोता लिहिला."

"हे तुमाले कळलं कवा?"

"युनिव्हर्सिटीले मार्क पाठवल्यावर. मंग लॅबमध्ये गुपचूप नवीन व्हर्जन लावून टाकलं."

"आन् तुबाले सांगतलं?"

"काल तीच आली होती. म्हणे, सर, माफ करा, माह्यंच काही चुकलं असन."

"मंग?"

"खरं सांगाले तोंड उघडलं, मॅडम."

"आन्?"

"म्हटलं, असू दे बेटा, पुढच्या टायमाले माह्या नोट्स नीट वाच."