बजावणी झाली

हॅलो?… हां, बोल छोटे… ऑफिसातच आहे. बेलीफ असून दिवसभर खुर्चीत, दुसरं काय करणार! पाचच्या आत यादी द्यायचीय साहेबांना, म्हणून… अगं, रडतेस का? थांब, दार लोटून घेतो… हं. आता बोल. सावकाश.

शाळेतून फोन?… मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं… ठकीला लागलं वगैरे नाही ना? मग?… कोर्टाचा कागद? शाळेत कशाला येईल कोर्टाचा कागद?… बरं बरं, वाच. आहे तेवढंच वाच, मनचं घालू नकोस.

'मुलीचा ताबा… वडिलांकडे… सोमवारी सकाळी दहा वाजता… शाळेतूनच द्यावा…'

थांब. परत वाच… ठकीचा ताबा? त्याच्याकडे? दोन वर्षांत पोरीच्या वाढदिवसाला फिरकला नाही तो माणूस!… अगं, पण केस टाकली कधी त्यानं? तुला समन्स कुठे आलंय? पुढे वाच… 'समन्स बजावूनही प्रतिवादी गैरहजर राहिल्याने…'

एकतर्फी हुकूम आहे हा. म्हणजे तुला बोलावलं, तू आली नाहीस, म्हणून त्याचं एकट्याचं ऐकलं आणि मोकळे झाले… अगं हो, माहितीये मला तू गेली नाहीस! तुला कळलंच नाही तर जाशील कशी?

हेच ते. हेच मी सांगत होतो सगळ्यांना. फोनवर समन्स! संदेश पाठवला, दोन खुणा निळ्या झाल्या, बजावणी झाली. माणसाला कळलं का, समजलं का, विचारणार कोण? सव्वीस वर्षं मी जिने चढलो गं. कुत्री अंगावर घेतली. म्हातारी माणसं कागद बघूनच थरथरायची, त्यांच्या पायरीवर बसून वाचून दाखवलंय मी. आजी, घाबरू नका, तारखेला या, एवढंच लिहिलंय… हो, लपायचीही लोकं. आतून टीव्हीचा आवाज यायचा आणि पोरगं सांगायचं, बाबा गावाला गेलेत. म्हणून तर नियम बदलला. खोटं कशाला बोलू, मीटिंगमध्ये मीही टाळी वाजवली होती. म्हटलं, गुडघे सुटले.

ते जाऊ दे. आता तू काय करायचंस, ऐक. हुकूम रद्द करण्याचा अर्ज आजच टाकायचा. पाचच्या आत टाकलास तर सोमवारी दहाच्या आधी तो जज मॅडमपुढे लागेल… हो, ऑनलाइनच, कागदावर घेत नाहीत आता. कुठे आहेस?… कॉम्प्युटरवाल्याकडे बसलीयेस? शाब्बास. त्याला उठू देऊ नकोस.

हं. आता हुकमात बघ, बजावणी कुठल्या नंबरवर केली ते लिहिलेलं असतं. तुझ्या फोनवर आलं नाही ना काही? मग तो चोर सापडला म्हणून समज. त्यानं भलताच नंबर दिला असणार, स्वतःच्या बहिणीचा वगैरे. तिनं उघडला, निळं झालं. एकदा हे सिद्ध केलं ना, की मी स्वतः त्याला… वाच नंबर. शेवटचे चार आकडे सांग.

…

परत सांग.

…

नाही, ऐकू आलं. ऐकतोय मी.

अगं, तो तर तुझा जुना नंबर. लग्नाच्या कागदांवरचा. तू घर सोडलंस तेव्हा तो रात्रंदिवस फोन करायचा, म्हणून तू दुसरा घेतलास आणि ते कार्ड… हो. मला दिलंस. वर्षाचं रिचार्ज शिल्लक होतं, वाया कशाला घालवायचं म्हणून मीच मागितलं. ऑफिसच्या कामाला लावलंय. आहे ना, माझ्याच फोनमध्ये आहे.

उघडल्याची तारीख काय दिलीय?… आणि वेळ?… चार वाजून बावन्न मिनिटं.

छोटे, जरा… जरा थांब हं. पाणी पितो.

ऐक. मी सांगतो ते पूर्ण ऐक, मध्ये बोलू नकोस. आम्ही जेवढी समन्सं पाठवतो ना, त्या प्रत्येकाची प्रत बेलीफच्या फोनवर येते. तपासायला म्हणून. रोज साठ-सत्तर. सगळी दिसायला सारखी, वर शिक्का, खाली पीडीएफ. पाचपर्यंत सगळ्या उघडायच्या, नाहीतर साहेबांच्या स्क्रीनवर माझ्या नावापुढे लाल येतं. मग मी काय करतो… सगळेच करतात गं, मी एकटा नाही… अंगठा लावायचा, उघडलं की मागं यायचं. पुढचं. मागं. पुढचं. वाचत नाही कुणी. त्यातच तुझं आलं असणार. प्रत म्हणून नाही, खरंखुरं. तुझ्या नावाचं.

हो. मी उघडलं.

नाही, वाचलं नाही. शप्पथ. वाचलं असतं तर धावत आलो नसतो का?



बोल, शिव्या दे.

अजून एक आहे. ते आत्ताच सांगतो, नंतर दुसऱ्याकडून नको कळायला. निळ्या झालेल्यांची यादी कॉम्प्युटर काढतो, त्याखाली सही लागते. बजावणी झाली, असा अहवाल. यादीत नावं नसतात, नुसते केसचे क्रमांक. घरगुती भांडणातल्या बायकांची नावं गुप्त राहावीत म्हणून नवीन सोय. चांगली सोय आहे, कुणाला नावं ठेवू?… हो. त्या यादीवरही माझीच सही असणार. मघाशी तुलाच विचारत होतो ना, समन्स कुठे आलंय म्हणून… माझ्याच हातात होतं.

बरं, अर्ज. अर्जाचं बघू, वेळ जातोय. तिथे 'गैरहजेरीचं कारण' असा रकाना आहे, त्यावर टिचकी मार म्हणावं. काय काय पर्याय येतात?… आजारपण… प्रवास… फोन हरवला… इतर.

ऐक ना. 'फोन हरवला' टाक… अगं, म्हणजे तो नंबर नाहीच ना तुझ्याकडे! हरवल्यातच जमा… खोटं म्हणजे, अगदी खोटं असं… छोटे, माझी दोन वर्षं राहिलीत. पक्षकाराचं सिम वापरलं, न बघता अहवाल दिला… घरी बसवतील मला. पेन्शनही बुडेल. वहिनीचा विचार कर जरा. फोन हरवला म्हटलं तर कुणाचंच काही…

काय म्हणालीस?

…

हो. म्हणतील. त्याचा वकील तेच म्हणेल. जिला फोन सांभाळता येत नाही ती पोर काय सांभाळणार. बरोबर आहे तुझं. मला सुचायला हवं होतं, कोर्टात आयुष्य गेलं माझं.

नाही, चिडलो नाही. स्वतःवरच… जाऊ दे. 'इतर' उघड. किती अक्षरं मावतात?… दोनशे? दोनशे अक्षरांत काय सांगणार माणूस! एखादा संदेश दुसऱ्यानंच उघडला तर, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही नियम करताना. त्याला वेगळा पर्यायच नाही. बरं. लिहायला सांग त्याला. मी सांगतो.

'संदेश माझ्या जुन्या नंबरवर गेला. तो नंबर माझा भाऊ वापरतो.' लिहिलं?… 'त्यानेच संदेश उघडला.' हं… 'भाऊ याच न्यायालयात बेलीफ आहे.' पूर्णविराम. 'त्यानेच न वाचता बजावणीचा अहवाल दिला.'

…लिही गं. मी सांगतोय ना, लिही.

'मला काहीही कळवले नाही. भाऊ साक्ष देण्यास तयार आहे.' किती झाली?… बसतंय? बसतंय ना? 'तयार आहे' राहिलंय का शेवटी? ते कापू नको देऊस.

किती वाजले तिथे?… चार चाळीस. दाब म्हणावं. दाखल करा… काय मागतोय?… कोड? तो तुझ्या नोंदवलेल्या नंबरवर… हो. इथेच येणार.

आला. 'हा कोड कोणालाही सांगू नका.' घे. नऊ. शून्य. दोन… दोन… सात. एक. परत सांगू?… गेला? काय लिहून आलं?… क्रमांक आला ना? तो लिहून ठेव, फोटोही काढ. आणि नवीन नंबर आजच नोंदव, लगेच, तिथून उठायच्या आधी… झालं तेही? बरं झालं. हुशार आहेस तू. पहिल्यापासून हुशार.

सोमवारी मी साडेनऊला येतो. तुझ्या शेजारी बसतो. ठकीला वहिनीकडे… नको?

बरं. नको. साक्षीदारानं तसंही बाहेरच थांबायचं असतं, पुकारा होईपर्यंत. थांबतो बाहेर.

ठकी आहे का तिथे?… नाही नाही, देऊ नकोस फोन. काय बोलू मी तिच्याशी. मामा विचारतो कशी आहेस, एवढं… तेही नको. बरं.

कार्ड? हे सिम?… हो, तुझंच आहे. आणून देतो उद्या… आत्ता काढू? आत्ता, बोलता बोलता?… अगं, दोन्ही कार्डं एकाच कप्प्यात आहेत, ते ओढलं तर हाही फोन बंद पडेल. आपलं बोलणं…

हं.

बरं. काढतो. टाचणी कुठे… ही बघ, त्या यादीलाच लावलेली आहे. छोटे, मी मुद्दाम नाही गं केलं. एवढं तरी तुला… हो, हो, काढतोय. काढतोच आहे. सोमवारी बाहेर असेन मी, ऐकतेस ना, साडेनऊपासून अस