शंभर माद्यांची अट

छाया : मग माह्या अकरा माद्यांचं काय करू, काकाजी? शंभर डुकरिणी कुठून आणू?

श्रीनिवास : टेंडरमध्ये तसंच छापलंय, छायाबाई. वसतिगृहातलं उरलेलं अन्न उचलायचं, तर डुकरं पाळणाऱ्याकडे शंभर माद्या हव्यात.

छाया : अन् शंभरवाला एकच, तो सिंदीचा शेठ. त्याची डुकरं गोणीतलं खाद्य खातात. हे अन्न तो आमालेच विकते. मी इथं हिंगणीत ड्रममधी उकळून घालतो, जनावराच्या डॉक्टरनं सांगितलं तसंच. तरी भाईर मीच.

श्रीनिवास : ती अट माझ्या हातची आहे.

छाया : म्हंजे?

श्रीनिवास : टेंडर काढणाऱ्या ऑफिसात नोकरीत होतो तेव्हा याचा पहिला मसुदा मी केला. डुक्करपालनाच्या अनुदानाच्या योजनेत शंभर माद्या लागत. तो कागद समोर होता, तीच अट इथे उतरवली. साहेबांनी सही केली. तेव्हापासून दरवर्षी जुन्यावरून नवं उतरवतात.

यशोदा : (चहा घेऊन येत) म्हणून ही जाहिरात आली की हे दिवसभर बोलत नाहीत. मला वाटायचं, माझ्यावर रागावलेत.

छाया : काऊन नाई सांगितलं कोनाले?

श्रीनिवास : वाटलं, असेल काही कारण. मला डुकरांतलं काय कळतं?

छाया : मले कळते ना. त्या अन्नावर तीसच माद्या पोसतात. शंभर कायले पाह्यजे? आमा डुकरंवाल्या सहा घरच्या मिळून पन्नासाच्या वर माद्या हायेत.

श्रीनिवास : तीसच? हे तर लिहिण्यासारखं आहे. हरकत कधीपर्यंत घेतात?

छाया : उद्या बारा वाजेपर्यंत.

श्रीनिवास : मी सांगतो, तुम्ही सेलूला टाइप करून घ्या. माझं अक्षर त्या ऑफिसात सगळे ओळखतात.

छाया : टाइप केलेलं शेठ बी देते. पयल्या मसुद्यावर तुमचंच अक्षर हाय ना? मंग याच्यावर बी तेच पाह्यजे.

श्रीनिवास : हसतील. म्हणतील, म्हातारा आत्ता जागा झाला.

यशोदा : झालात ना पण?

श्रीनिवास : ...कोरा कागद दे. छायाबाई, उद्या इथून ऑफिसकडे पहिली बस किती वाजता?

छाया : सातले. तुमी येता?

श्रीनिवास : मसुदा कोणी केला, हे विचारतील. तुम्ही काय सांगणार? 'महोदय' लिहिलं. पुढे काय?

छाया : पयले तुमचं नाव लिव्हा. त्याच्याखाली आमी साही घरं सह्या करतो.