मायचा उजवा हात

मी वडीगोद्रीचाच. जन्म इथला, कळायला लागलं तेव्हापासून हाच हायवे आन् हेच गाव. आमच्या घरात गोंदायचं काम, आन् ते काम बायकांचं, माणसांचं न्हाई, हे आधी लिहून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. माझी आजी गोंदायची, आजीची सासू गोंदायची, त्यांच्यानंतर माझी माय, गिरजाबाई. बाप काय करायचा, तर सुया घासायचा, शाई घोटायचा, बाजाराच्या दिवशी टोपली उचलून मायच्या डोक्यावर द्यायचा. पण बाईच्या हाताला हात लावायचा न्हाई. तशी रीतच न्हाई.

माझं नाव शेषराव. माय शेषू म्हणती. आता पन्नाशीला आलोय तरी शेषूच.

मायचा डावा हात तुम्ही पाहिलाच आत येताना. मनगटापासून कोपरापर्यंत भरलेला, तुळस, विंचू, मोराची जोडी, मधी ठिपके. माय लग्न होऊन आली तेव्हा आजीनं गोंदला तो. उजवा हात पहिलं लेकरू झाल्यावर गोंदायचा, आमच्यात असंच आहे. आन् मी पोटात होतो तेव्हा आजी गेली. आता गोंदणारणीचा हात तिच्या घरच्याच बाईनं गोंदायचा, दुसऱ्या घरची चालत न्हाई, आन् मायला लेक झाली न्हाई, मी एकटाच. स्वतः गोंदावं तर सुई धरायची उजव्या हातात, मंग उजव्या हातावर गोंदणार कसं? काय सांगू तुम्हाला, सगळ्या अंबड तालुक्यातल्या बायकांचे हात भरले तिनं, आन् तिचा उजवा हात कोराच राहिला. बाजारातल्या बायका तिला म्हणायच्या, गिरजाबाई, हा हात काय भाड्यानं द्यायला ठेवला का गं? माय हसायची. पण घरी आल्यावर म्हणायची, मेल्यावर डोरलं काढून घेतेत, जोडवे काढून घेतेत, गोंदण तेवढं संगं येतं. मी असा हात घेऊन गेले तर सासू वर उंबऱ्यातच अडवंल, म्हणंल, अर्धीच आलीस का? हसत म्हणायची, पण तिला ते खरंच लागलेलं होतं. अजून एवढं सोडून तिनं आयुष्यात काही मागितलं न्हाई.

आता हातानं कसं गोंदायचे ते सांगतो. आजीच्या सासूच्या वेळंला बाभळीचा काटा होता म्हणे. मायच्या वेळंला तीन सुया, काडीला दोऱ्यानं गच्च बांधलेल्या. दिव्याची काजळी माक्याच्या रसात घोटली की शाई झाली. डाव्या हातानं कातडी ताणून धरायची, ताणली न्हाई तर सुई घसरती, आन् उजव्यानं टोचत जायचं, टुक टुक टुक. ह्याच्यात सगळी गोष्ट खोलीची. आपली वरची कातडी रोज थोडी थोडी झडत असती. शाई वरच्यावर राहिली तर तिच्यासंगं झडून जाती, लय खोल गेली तर आत फुटती, टीपकागदावर थेंब पसरतो तशी. मधल्या थराला बराबर बसली तर जन्माची. हे मायला हाताला कळायचं.

आन् आणखी एक रीत. गोंदताना बाईला दुखतं, म्हणून तिला बोलतं करायचं. माय विचारायची, माहेर कुठलं गं, सासू कशी, जावा कशा. बाई आधी गप्प राहायची, मंग बोलायला लागायची ते थांबायचीच न्हाई. जे कुणाला सांगितलं न्हाई ते सांगायची. आन् सुईखाली बोललेलं सुईखालीच राहायचं. माय घरी येऊन एक शब्द काढायची न्हाई. बाप विचारायचा, आज फलाणी लय रडत होती, काय झालं? माय म्हणायची, सुई लागली, रडली.

माझं मशीनचं असं झालं की एका जत्रेत बाहेरगावचा माणूस मशीन घेऊन आल्ता. खाली बॅटरी, हातात घुर्र करणारं यंत्र, पोट्टे रांग लावून उभे, कुणी नाव काढतोय कुणी बदाम. मी दिवसभर तिथंच उभा. मायला एका तुळशीला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात हा चार नावं काढून राह्यला. मंग मी जालन्याला गेलो, तिथं जळालेल्या मोटारींत नवी तार भरणारे एक मिस्त्री होते, रशीदभाई, त्यांना म्हणलं, असं असं मशीन पाहिलं, बनवून द्या. त्यांनी मला हातानं हवेत चित्र काढायला लावलं आन् हसायला लागले. अरे दीवाने, ये तो दरवाजे की घंटी है.

आन् घंटीच होती ती. तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या, वर लोखंडाची पट्टी. करंट सोडला की गुंडाळीचं लोहचुंबक होतं, पट्टीला खाली ओढतं. पट्टी खाली आली की करंट तुटतो. करंट तुटला की चुंबक मेलं, स्प्रिंग पट्टीला वर उचलती. वर गेली की पुन्हा करंट जोडला. एवढंच, जोडतंय तुटतंय, जोडतंय तुटतंय, डोळ्याला दिसत न्हाई इतक्या जल्दी. घंटीत ती पट्टी टोला मारती, इथं तिला सुई बांधली. पुढं मला एकानं सांगितलं की पहिलं मशीन कातडीसाठी न्हवतंच, बाहेरच्या देशात कागदाला बारीक भोकं पाडून नकला काढायचं ते पेन होतं, कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे माणसाला लावावं. खरं खोटं त्यालाच माहीत.

मशीन घरी आणलं आन् ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावून मायला दाखवलं. ती म्हणाली, गांधीलमाशी डब्यात कोंडलीय का रे?

पुढच्या बाजाराला मी एका कोपऱ्याला बसलो, माय नेहमीच्या जागी लिंबाखाली. खरं सांगतो, मायचं गिऱ्हाईक माझ्याकडं येईल असं माझ्या मनात न्हवतं, मला वाटलं पोट्टे माझे आन् बायका तिच्या. पण बायका माझ्याकडं आल्या. नवीन चीज होती. आल्या, वाकून पाहिलं, पण हात पुढं करीनात. परक्या माणसाच्या हातात हात कसा द्यायचा? तशाच घोळका करून उभ्या. मी मान वर केली तर माय टोपली उचलून माझ्याकडं येऊन राह्यली. आली, माझ्या बाजूला बसली, पहिल्या बाईचा हात आपल्या मांडीवर घेतला, कातडी ताणून धरली आन् मला म्हणाली, चालव.

त्या दिवसापासून हे असंच. ती धरणार, मी चालवणार. गिरजाबाईनं हात धरलाय म्हणल्यावर बायकांचं भ्याव गेलं, माझा धंदा उभा राहिला तो तिच्या धरण्यावर. तिच्या सुया टोपलीत गंजल्या. मी ते रोज पाहायचो आन् रोज गिळायचो. तिनं सगळ्यांचे हात माझ्या मशीनखाली दिले, स्वतःचा दिला न्हाई. एकदा मी घाबरत घाबरत म्हणलं, माय, उजवा हात करू का? ह्याच्यानं न्हाई, म्हणाली. मी काय समजायचं ते समजलो. मला वाटलं, जे मशीन तिच्या जागी बसलं त्याला ती हात देणार न्हाई, आन् बराबरच आहे.

त्या मशीनची सगळ्यात वाईट गोष्ट आवाज. अंकुशनगरला कारखान्याच्या सीझनला आम्ही जायचो, ऊसतोडीच्या बायका यायच्या. तिथं एका म्हातारीचा हात घेतला, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. सुई किती बाहेर काढायची ते स्क्रूवर असतं, मायनं सांगितलं, शेषू, कमी कर. घुर्र घुर्रमधी मला ऐकू आलं न्हाई. शाई फुटली. म्हातारीच्या हातावर मोर काढायचा होता, ढग झाला. म्हातारी म्हणाली, असू दे लेकरा, पाऊस तरी पडंल. ती हसली म्हणून जास्तच लागलं मला. आन् तेव्हा एकच सुई सगळ्या बाजाराला चालायची, फडक्याला पुसली की पुढचा हात. काही कळत न्हवतं. आता आठवलं की अंगावर काटा येतो, कुणाला काय दिलं असंल आम्ही, कोण सांगणार.

मंग मशीनला टेपरेकॉर्डरची मोटर आली. तिच्यात चुंबक-पट्टी न्हाई, चाक फिरतं आन् चाकाच्या कडंला बसवलेली खिळी सुईला वरखाली करती, शिलाई मशीनवाणी. आवाज थोडा कमी, पण होताच. आन् आता हे पेन, म्हणजे पेनावाणी धरायचं मशीन. ह्याच्यातबी मोटरच आहे, बॅटरी आतच, वायर न्हाई. सुई बंद नळीत येती, एका माणसाला एक, काम झालं की फेकून द्यायची. सुईमागं रबराचा पडदा असतो, रगत आन् शाई मशीनमधी चढत न्हाई.

पेन आणलं त्या दिवशी एक पोरगी आल्ती, नवऱ्याचं नाव काढायला. मायनं हात धरला, मी सुरू केलं. माय म्हणाली, चालव की. मी म्हणलं, चालूच आहे माय. तिनं कान खाली नेला. मंग पोरीकडं पाहून म्हणाली, माहेर कुठलं गं तुझं? इतक्या वर्षांत मशीनखाली तिनं कुणाला हे विचारलं न्हवतं. कसं विचारणार, ऐकू कुणाला येणार होतं? पोरगी बोलायला लागली. मी मान खाली घालून नाव काढत राहिलो.

पुढं थोड्या दिवसांनी भरदुपारी मी घरापुढच्या ह्या दुकानात एकटाच होतो. माय आली, उजवा हात साबणानं धुऊन, पदरानं पुसून, आन् टेबलावर ठेवला. घे, म्हणाली.

मी म्हणलं, घरची बाई लागती ना माय? ती म्हणाली, घरची बाई कोण, तुझी शोभा? ती कोंबडी कापली की जाफराबादला माहेरी पळती. आतून शोभा ओरडली, मी न्हाई ओ आत्याबाई, तुमचं गोंदण राहील बाजूला आन् मलाच दवाखान्यात न्यावं लागंल. माय मला म्हणाली, रीत घरच्या बाईची हाय. बाई न्हाई, तर तू घरचा तरी हायेस ना?

पण कातडी ताणायला कुणीतरी पाहिजे, ते काम तर मायचंच होतं. मंग शोभाच बसली, तोंड भिंतीकडं, डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी सासूचा हात ताणून. मी सुई एकदम कमी काढली, वेग कमी केला. मायची कातडी आता त्या अंकुशनगरच्या म्हातारीवाणीच झालीय, पेनवर बोट ठेवताना मला तो ढगच दिसत होता. आधी ठिपके घेतले. शाई जागच्या जागी बसली, फुटली न्हाई. तेव्हा मंग तुळशीला हात घातला.

तेवढ्यात माय म्हणाली, विचार की. मुक्यानंच गोंदणार का?

मी म्हणलं, माहेर कुठलं तुझं?

तर म्हणाली, वेडा हायेस का, दर सुट्टीला मामाच्या घरी राहायचास आन् माहेर विचारतोस. जे विचारायचंय ते विचार.

मंग मी विचारलं. मान वर केली न्हाई, सुईकडं बघतच विचारलं, की माय, माझ्या मशीननं तुझं काम गेलं, तुझ्या सुया गंजल्या, तुला माझा राग आला का, आन् म्हणून हात दिला न्हाई का?

ती बोलली. तुळस पुरी होईपर्यंत बोलत होती, मंग विंचवालाबी बोलली. काय बोलली ते मी तुम्हाला सांगणार न्हाई, तुम्ही लिहायला बसलात तरी न्हाई, ते सुईखालचं आहे. शोभानं सगळं ऐकलं, तिला विचारलं तर म्हणती, मी डोळे मिटले होते. एवढंच सांगतो की मनगटाजवळ माझा हात हालला आन् तुळशीची एक फांदी तिरपी झाली.

मायनं चष्मा लावून पाहिलं. म्हणाली, ही तुळस काय वाऱ्यात उभी हाय का रे? आन् खोबऱ्याचं तेल मागून घेतलं.

आता ती इथंच बसती, उजवी बाही कोपराच्या वर सरकवून. कालच एक नवीन नवरी आल्ती, घाबरलेली, हात पुढं करंना. मायनं आपला हात तिच्या पुढं धरला. हे माझ्या शेषूनं गोंदलंय, इथं चुकला, बाकी बराबर हाय. बस. नवरी बसली. मायनं तिचा हात मांडीवर घेतला, ताणला, आन् मला म्हणाली, चालव. मंग तिला म्हणाली, हां, बोल गं बाई.